शिसं काढलं तर उजेड उरतो का?

पेरोव्स्काइट नावाच्या स्फटिकांच्या कुळावर काम करणाऱ्या कुठल्याही प्रयोगशाळेत नव्या विद्यार्थ्याला एक प्रयोग हमखास दाखवतात. सीझियमचं ब्रोमाइड आणि शिशाचं ब्रोमाइड हे दोन पांढरे क्षार एका द्रावकात विरघळवायचे, त्यात थोडं ओलेइक आम्ल आणि थोडं अमाइन घालायचं. नितळ द्रावण तयार होतं. त्याचा एक थेंब ढवळत असलेल्या टोल्युइनमध्ये टाकायचा आणि बाटलीवर अतिनील दिवा धरायचा. थेंब पडल्या क्षणी बाटली हिरव्या उजेडाने भरून जाते. त्यासाठी ना भट्टी लागते, ना निर्वात पंप. खोलीच्या तापमानाला, काही सेकंदांत, उत्तम दर्जाचं प्रकाश देणारं अर्धवाहक द्रव्य तयार!

आपल्या घरातल्या एलईडी बल्बमधल्या निळ्या चिपशी याची तुलना करून पाहा. ती गॅलियम नायट्राइडची असते. त्याचे थर सुमारे १००० अंश सेल्सियसला, अतिशय काटेकोर यंत्रात, अणूवर अणू रचत वाढवावे लागतात. ते जमायला कित्येक दशकं गेली, आणि ज्यांनी जमवलं त्या तीन जपानी वंशाच्या शास्त्रज्ञांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यामुळे 'बाटलीत ढवळून' मिळणाऱ्या प्रकाशद्रव्याकडे सगळं जग का धावलं, हे सांगायला नको.

अडचण एकच आहे, आणि ती मोठी आहे. त्या हिरव्या स्फटिकाच्या वजनाचा एक तृतीयांशाहून जास्त भाग, नेमकं सांगायचं तर सुमारे ३६ टक्के, शिशाचा असतो.

मग शिसं काढून त्याच्या जागी दुसरं काहीतरी का घालत नाहीत? अनेकांनी घालून पाहिलं. त्यातून जे कळलं ते मला या सगळ्या विषयातलं सर्वांत सुंदर प्रकरण वाटतं. शिसं नुसतं उपटून काढता येत नाही, कारण प्रकाशाचा सगळा चांगुलपणा त्यातच रुजलेला आहे. तो चांगुलपणा नेमका कशात आहे हे समजलं, तरच त्याला पर्याय कुठे शोधायचा ते कळतं.

आधी नावाबद्दल. १८३९ मध्ये रशियातल्या उरल पर्वतात एक खनिज सापडलं, कॅल्शियम, टायटॅनियम आणि ऑक्सिजनचं. जर्मन खनिजतज्ज्ञ गुस्ताव रोझे यांनी लेव पेरोव्स्की या रशियन उमरावाच्या नावावरून त्याला पेरोव्स्काइट म्हटलं. आज हा शब्द एका खनिजापुरता राहिलेला नाही. अणूंची तशीच मांडणी असलेल्या साऱ्या कुळाला तो लावतात. पृथ्वीच्या पोटात, शेकडो किलोमीटर खोल, जे खनिज सर्वांत जास्त प्रमाणात आहे त्याचीही मांडणी याच कुळातली आहे.

ही मांडणी डोळ्यांसमोर आणायला अवघड नाही. दोन पिरॅमिड तळाला तळ लावून जोडले की आठ बाजूंची एक आकृती होते, सहा टोकांची. तिच्या मध्यभागी एक धातूचा अणू आणि सहा टोकांवर सहा हॅलोजन, म्हणजे क्लोरीन, ब्रोमीन किंवा आयोडीन. आता अशा असंख्य आकृत्या टोकाला टोक जोडून सगळीकडे पसरवा. मधे मधे ज्या पोकळ्या राहतात त्यांत सीझियमसारखा एखादा मोठा आयन, म्हणजे विद्युतभार असलेला अणू, बसतो. मधला धातू हा घराचा खांब, पोकळीतला आयन हा भाडेकरू. भाडेकरू फार लहान असला तर घर वाकडं होतं, फार मोठा असला तर मोडतं. कुठला आयन मावेल आणि कुठला नाही याचं साधं गणित व्हिक्टर गोल्डश्मिट यांनी १९२६ मध्येच मांडून ठेवलं, आणि ते आजही पहिली चाळणी म्हणून वापरतात.

शिशाचे असे हॅलाइड, म्हणजे हॅलोजनांशी झालेली संयुगं, नवे नाहीत. सीझियम, शिसं आणि हॅलोजन यांची संयुगं १८९३ मध्ये तयार झाली होती, आणि त्यांची रचना पेरोव्स्काइटची आहे हे कोपनहेगनच्या ख्रिश्चन म्योलर यांनी १९५८ मध्ये दाखवलं. १९९४ मध्ये जपानमध्ये अशा थरांच्या पदार्थातून विजेवर हिरवा उजेड काढला गेला, पण द्रवरूप नायट्रोजनच्या थंडीत. खोलीच्या तापमानाला चालणारे पेरोव्स्काइट एलईडी केंब्रिज विद्यापीठातल्या गटाने २०१४ मध्ये दाखवले. त्यांची कार्यक्षमता एक टक्काही नव्हती. चार वर्षांत, २०१८ मध्ये, तीच २० टक्क्यांपलीकडे गेली. आधीच्या कुठल्याही तंत्रज्ञानाने एवढी उडी इतक्या लवकर मारलेली नव्हती.

इथे एक आकडा नीट समजून घेऊ, कारण पुढे तो पुन्हा पुन्हा येणार आहे. या क्षेत्रात दोन वेगळ्या कार्यक्षमता मोजतात, आणि बातम्यांत त्यांची सर्रास गल्लत होते. पहिलीत पदार्थावर प्रकाश टाकतात: १०० फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, शोषले, त्यातून किती परत आले? ही झाली चकाकीची कार्यक्षमता. दुसरीत पदार्थातून वीज सोडतात: १०० इलेक्ट्रॉन आत गेले, किती फोटॉन उपकरणाबाहेर पडले? ही उपकरणाची कार्यक्षमता. पहिलीत ९० चा आकडा दिसणं फारसं नवलाचं नाही. दुसरीत मात्र सपाट थरांच्या उपकरणात २० ते २५ म्हणजेच जवळपास छत, कारण आत तयार झालेला बराचसा प्रकाश काचेत आणि थरांतच परावर्तित होऊन अडकून पडतो. त्यामुळे 'फक्त २० टक्के' वाचून नाक मुरडू नये.

शिशात एवढं काय आहे?

एलईडीचं काम एका वाक्यात सांगता येतं. वरच्या पायरीवरचा इलेक्ट्रॉन खालच्या पायरीवरच्या होलमध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉनने सोडलेल्या रिकाम्या जागेत, उडी मारतो आणि त्या उडीची ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर येते. दोन पायऱ्यांमधली उंची किती, त्यावर रंग ठरतो. उंची जास्त तर निळा, कमी तर लाल, आणखी कमी तर डोळ्यांना न दिसणारा अवरक्त.

पण कुठलाही स्फटिक निर्दोष नसतो. कुठे एखादा अणू गायब असतो, कुठे भलत्याच जागी बसलेला असतो. बहुतेक अर्धवाहकांत अशा दोषामुळे दोन पायऱ्यांच्या बरोबर मधे एक चोरपायरी तयार होते. मग इलेक्ट्रॉन एक मोठी उडी न मारता दोन छोट्या टप्प्यांत खाली येतो, आणि ऊर्जा प्रकाशाऐवजी उष्णतेत जाते. गॅलियम नायट्राइड इतक्या काळजीने वाढवावं लागतं ते याच कारणाने.

शिशाच्या हॅलाइडात दोष कमी नसतात. बाटलीत ढवळून केलेल्या मालात ते भरपूर असतात. पण त्यांच्या चोरपायऱ्या मधे येत नाहीत, त्या वरच्या किंवा खालच्या पायरीच्या अगदी काठाला चिकटून राहतात. इलेक्ट्रॉनला अडकायला जागाच मिळत नाही. या गुणाला 'दोष पचवणं' म्हणता येईल.

हा गुण येतो शिशाच्या इलेक्ट्रॉनांच्या एका जोडीतून. शिशाकडे बाहेरच्या कक्षेत चार इलेक्ट्रॉन असतात. हॅलोजनांशी संसार मांडताना ते दोन देऊन टाकतं आणि दोन स्वतःकडे ठेवतं. ही राखून ठेवलेली जोडी हॅलोजनांच्या इलेक्ट्रॉनांत मिसळते आणि खालची पायरी तिच्यातून घडते. या मिसळण्यामुळेच खालची पायरी वर उचलली जाते आणि चोरपायऱ्या काठाला जातात. शिवाय ही जोडी शिसं फार घट्ट धरून ठेवतं. त्याच्या केंद्रकात ८२ प्रोटॉन आहेत. एवढ्या प्रचंड ओढीत आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या लक्षणीय टक्केवारीने फिरतात आणि आइन्स्टाइनच्या सापेक्षतेचे परिणाम दिसू लागतात: ती जोडी केंद्रकाच्या आणखी जवळ ओढली जाते. मोटारीच्या बॅटरीतल्या १२ व्होल्टपैकी सुमारे १० व्होल्ट शिशातल्या याच सापेक्षतेच्या परिणामामुळे मिळतात, असं २०११ मध्ये प्रसिद्ध झालेलं गणित सांगतं. तेव्हा शिशाच्या पर्यायाचा शोध म्हणजे खरं तर अशा जोडीचा शोध आहे.

आणि शिसं नकोच का?

शिसं आपल्या ओळखीचं आहे. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचं लाल ऑक्साइड. जुन्या रंगांत, नळांत, पेट्रोलमध्ये ते होतं. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली थांबलं, घरगुती रंगांतल्या शिशावर दहा लाख भागांत ९० भाग अशी मर्यादा आता कायद्याने आहे. शरीर शिशाला कॅल्शियम समजून हाडांत साठवतं, आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो. रक्तातलं शिशाचं कुठलंही प्रमाण सुरक्षित मानता येत नाही, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे.

इथे प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगायला हवी. एलईडीमधला पेरोव्स्काइटचा थर फार पातळ असतो. ५० नॅनोमीटर जाडीचा थर एक चौरस मीटरभर पसरला, तर त्यात शिसं भरेल सुमारे एक दशांश ग्रॅम. मोटारीच्या एका बॅटरीत ते कित्येक किलो असतं. 'मग एवढी ओरड कशाला?' असं अनेक संशोधकही विचारतात. उत्तर प्रमाणात नाही, स्वरूपात आहे. हे हॅलाइड पाण्यात सहज फुटतात आणि शिसं विरघळलेल्या रूपात सोडतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पेरोव्स्काइटमधलं शिसं मिसळलेल्या मातीत पुदिना लावला होता. मातीत आधीपासून असलेल्या इतर स्वरूपातल्या शिशापेक्षा हे शिसं झाडात दहापट सहजतेने शिरलं. पडदा फुटून कचऱ्यात गेला, पाऊस पडला, तर काय होईल याची कल्पना त्यावरून येते. आपल्याकडे ई-कचरा कसा आणि कोण फोडतं हे पाहिलेल्या माणसाला ही भीती पुस्तकी वाटणार नाही.

कायदाही आहेच. युरोपीय संघाच्या नियमानुसार विद्युत उपकरणातल्या कुठल्याही एकजिनसी पदार्थात शिसं वजनाच्या ०.१ टक्क्यापेक्षा जास्त चालत नाही, आणि भारताच्या ई-कचरा नियमांतही तीच मर्यादा आहे. नियम वजनाने मोजतो, आणि आपल्या थरात ते ३६ टक्के आहे. हाच युरोपीय नियम १ जुलै २००६ ला लागू झाला तेव्हा सगळ्या इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाला सोल्डर, म्हणजे सुटे भाग जोडायचा मिश्रधातू, बदलावं लागलं होतं. कथील-शिशाचं, १८३ अंशांना वितळणारं सोल्डर गेलं आणि कथील-चांदी-तांब्याचं, सुमारे २१७ अंशांना वितळणारं आलं. त्या वेळी शिशाची जागा घेतली ती कथिलानेच.

कथील: शेजारी, पण स्वभाव वेगळा

म्हणून पहिली नजर कथिलाकडे जाणं साहजिक होतं. आवर्त सारणीत ते शिशाच्या बरोबर डोक्यावर बसतं. आयनाचा आकार जवळपास तोच, आणि राखलेली इलेक्ट्रॉनांची जोडीही आहे. कथिलाची बाधा म्हणावी तर आपण पिढ्यानपिढ्या कल्हईच्या भांड्यांतून आंबट वरण जेवत आलो. दारात भाता लावून बसलेला कल्हईवाला, नवसागराचा पांढरा धूर आणि कापसाच्या बोळ्याने फिरवताच पितळेवर आरशासारखी पसरणारी कथिलाची लकाकी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना कथील हा भरवशाचा धातू वाटणारच.

पण कल्हईतलं कथील आणि पेरोव्स्काइटातलं कथील यांत फरक आहे. भांड्यावरचं कथील धातूच्या रूपात असतं. हवेशी त्याची क्रिया होते, पण पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा धरतो आणि तोच आतल्या धातूचं रक्षण करतो. पेरोव्स्काइटातल्या कथिलाने दोन इलेक्ट्रॉन आधीच दिलेले असतात, आणि राखलेली जोडीही देऊन टाकायला ते उतावीळ असतं. केंद्रकात प्रोटॉन ५० च, त्यामुळे शिशासारखी घट्ट मूठ नाही. हवेतला थोडासा ऑक्सिजन पुरतो. जोडी गेली की खालच्या पायरीवर होलांची गर्दी होते, पदार्थ धातूसारखी वीज वाहू लागतो आणि इलेक्ट्रॉन प्रकाश न देताच संपतात. जी जोडी आपल्याला हवी होती तीच हातून निसटते.

गेल्या दहा-पंधरा वर्षांतली कथिलावरची मेहनत मुख्यतः या एका गळतीवरची आहे. द्रावणात कथिलाचं फ्लोराइड जास्तीचं घालणं हा सर्वांत जुना आणि अजूनही वापरात असलेला उपाय. दुसरा उपाय म्हणजे त्रिमितीय जाळी सोडून थरांची रचना करणं: कथिल-आयोडीनचा एक पातळ थर, मग मोठ्या सेंद्रिय रेणूंची भिंत, मग पुन्हा थर. भिंतींमुळे हवा-पाणी आत शिरणं कठीण होतं, आणि हे थर सुंदर लाल प्रकाश देतात.

या लाल प्रकाशाच्या बाबतीत २०२३ हे वर्ष महत्त्वाचं ठरलं. चीनमधल्या एका गटाने थरांच्या कथिल पेरोव्स्काइटात सायन्युरिक आम्ल मिसळलं. हे आम्ल दुर्मीळ वगैरे नाही, जलतरण तलावातलं क्लोरीन उन्हाने उडून जाऊ नये म्हणून तेच टाकतात. त्याचा रेणू दोन रूपांत वावरतो, आणि ही दोन्ही रूपं मिळून कथिलाला धरून ठेवतात, स्फटिक नीट वाढू देतात, ऑक्सिडेशन रोखतात. त्या लाल एलईडीची कार्यक्षमता २०.२९ टक्के निघाली. वर सांगितलेलं छत आठवा, म्हणजे या आकड्याचं मोल कळेल. त्याच वर्षी अवरक्त प्रकाश देणाऱ्या सीझियम-कथिल-आयोडीनच्या एलईडीनेही ८ टक्के ओलांडले.

तरी बल्बच्या खोक्यावर कथील यायला वेळ आहे. बाजारातल्या एलईडीचं आयुष्य हजारो तासांचं असतं, कथिलाचं अजून तासांत मोजतात. आणि कथील म्हणजे आपोआप निरुपद्रवी, असंही धरून चालू नये. २०१६ मध्ये झेब्राफिशच्या भ्रूणांवर केलेल्या एका अभ्यासात कथिलाच्या आयोडाइडने पाणी इतकं आम्लधर्मी केलं, की त्या बाबतीत शिशाचं आयोडाइडही मागे पडलं. कथील शिशासारखं शरीरात साठत नाही, हा मोठा फरक आहे. पण 'शिसेमुक्त' या शब्दावर विसंबून पुढची तपासणी सोडून देणं मला पटत नाही.

दोन खांबांऐवजी एक हलका, एक भारी

शिशासारखी जोडी बाळगणारा आणखी एक शेजारी आहे, बिस्मथ. सारणीत शिशाच्या अगदी उजवीकडे. जड धातू असूनही तो इतका सौम्य की पोटाच्या औषधांत वापरतात. पण त्याचा विद्युतभार तीन, शिशाचा दोन. खांबाच्या जागी सरळ ठेवला तर हिशेब जुळत नाही. यावरची युक्ती साध्या बेरजेची आहे. शिशाचे दोन आयन म्हणजे दोन अधिक दोन, चार. त्याऐवजी एक भार असलेली चांदी आणि तीन भार असलेला बिस्मथ आलटूनपालटून ठेवले, तरीही चारच. याला दुहेरी पेरोव्स्काइट म्हणतात. सीझियम, चांदी, बिस्मथ, ब्रोमीन यांचा असा स्फटिक २०१६ मध्ये पुढे आला. तो टिकाऊ निघाला, पण त्यात वरची आणि खालची पायरी एकमेकींसमोर नाहीत, सरकलेल्या आहेत. इलेक्ट्रॉनला खाली येताना बाजूचाही धक्का लागतो, म्हणून प्रकाश मंद.

बिस्मथऐवजी इंडियम घातलं आणि ब्रोमीनऐवजी क्लोरीन, की पायऱ्या समोरासमोर येतात. तरीही शुद्ध स्फटिकाच्या चकाकीची कार्यक्षमता ०.१ टक्क्याहून कमी! असं का? झोपाळ्याच्या दोन बाजूंना उभं राहून दोघांनी एकाच क्षणी, सारख्याच जोराने, एकमेकांविरुद्ध ढकललं, तर झोपाळा हलत नाही. या स्फटिकात वरच्या आणि खालच्या अवस्थांची सममिती अगदी तशी आहे. प्रकाशाच्या लहरीचा डावीकडचा आणि उजवीकडचा परिणाम एकमेकांना पुसून टाकतो. उडी मारायला मनाई.

२०१८ मध्ये वुहानच्या ह्वाचोंग विज्ञान आणि तंत्रज्ञान विद्यापीठातल्या जियांग तांग यांच्या गटाने ही मनाई मोडली. त्यांनी चांदीच्या ४० टक्के जागांवर सोडियम बसवलं आणि चिमूटभर, ०.०४ टक्के, बिस्मथ घातलं. सोडियमने सममिती बिघडवली, झोपाळ्याच्या एका बाजूचा हात जणू सुटला. चकाकी हजारपट वाढून कार्यक्षमता सुमारे ८६ टक्क्यांवर गेली. रंग पांढरा, आणि तोही उबदार पांढरा, जुन्या पिवळसर बल्बच्या वळणाचा. तो १००० तासांहून अधिक टिकला.

एकाच पदार्थातून पांढरा प्रकाश कसा, हे कळायला घरातली कापसाची गादी डोळ्यांसमोर आणा. कडक फळीवर कोणी बसलं तर फळी वाकत नाही. गादीवर बसलं की खळगा पडतो आणि बसणारा त्या खळग्यातच रुततो. शिशाच्या जाळीत इलेक्ट्रॉन आणि होल बरेच मोकळे फिरतात, म्हणून उडीची उंची ठरलेली आणि रंग शुद्ध, टोकदार. चांदी-सोडियम-इंडियमच्या मऊ जाळीत ते दोघं जिथे असतील तिथे भोवतालचे अणू सरकतात, खळगा पडतो, आणि जोडी स्वतःच पाडलेल्या खळग्यात अडकते. खळगे सतत थरथरतात, त्यामुळे प्रत्येक उडी थोड्या वेगळ्या उंचीची. परिणामी प्रकाश ४०० ते ८०० नॅनोमीटरपर्यंत, म्हणजे जवळपास सगळ्या दृश्य पट्ट्यात पसरतो. आजच्या पांढऱ्या बल्बमध्ये निळ्या चिपवर पिवळी भुकटी लावून पांढऱ्याचा भास निर्माण करतात, त्यात लाल रंग बऱ्याचदा कमी पडतो आणि माणसांचे चेहरे फिके दिसतात. इथे लाल मुळातच आहे. शिवाय ऊर्जेचा काही भाग खळगा पाडण्यात गेल्याने बाहेर पडणारा प्रकाश शोषलेल्या प्रकाशापेक्षा खूप वेगळा असतो, त्यामुळे भुकटी स्वतःचाच उजेड पुन्हा गिळत नाही.

याची दुसरी बाजू उघड आहे. खळग्यात रुतलेली जोडी वीज नीट वाहून नेऊ शकत नाही. म्हणून या पदार्थाचं खरं काम अतिनील चिपवर लावायची भुकटी म्हणून आहे. स्वतः एलईडी बनायला तो कच्चा पडतो. पडद्यावर शुद्ध रंग हवा असतो, दिव्यात पसरलेला पांढरा. शिशाशिवाय उजेडाचा शोध म्हणजे या दोन वेगळ्या वाटा आहेत, आणि दिव्याच्या वाटेवर शिशाचा पर्याय आधी सापडला आहे, असं मला वाटतं. इंडियम महाग आणि मर्यादित आहे, कारण फोनच्या प्रत्येक पडद्यावरच्या पारदर्शक वाहक थरात ते लागतं, पण भुकटीला ते तोळामासाच पुरतं.

निळ्या प्रकाशाची अशीच एक वेगळी गोष्ट टोकियोत घडली. हिदेओ होसोनो हे नाव पडद्यांच्या धंद्यात आदराने घेतात, इंडियम-गॅलियम-जस्ताच्या ऑक्साइडचे ट्रान्झिस्टर त्यांच्या प्रयोगशाळेतून आले. २०१८ मध्ये त्यांच्या गटाने सीझियम, तांबं आणि आयोडीनचा एक पदार्थ पुढे आणला. सुमारे ४४५ नॅनोमीटरचा निळा प्रकाश आणि जवळपास ९० टक्के चकाकी. काटेकोरपणे पाहिलं तर तो पेरोव्स्काइट नाही. तांबं-आयोडीनचे छोटे पुंजके सीझियमच्या समुद्रात बेटांसारखे सुटे असतात. पण कुळातला चुलतभाऊ म्हणून त्याला याच पंगतीत वाढतात. क्ष-किरण पडल्यावर चमकणारे पडदे म्हणून त्याचं भविष्य चांगलं दिसतं. त्यासाठी काही जण त्यात थॅलियम मिसळतात आणि तेव्हा मला वाईट वाटतं. थॅलियम हे शिशाहूनही जहाल विष आहे. एक काढून दुसरं घालायचं, तर एवढा खटाटोप कशासाठी?

याच विषयातलं बरंच काम पुण्यात, पाषाणच्या आयसर संस्थेत झालं आहे, आणि ते मराठी वाचकाला माहीत असायला हवं. तिथल्या अंशुमन नाग यांच्या गटाने चांदी-इंडियम-क्लोरीनच्या दुहेरी पेरोव्स्काइटात दुसऱ्या धातूंचे पाहुणे बसवून त्यांच्याकडून उजेड काढून घेण्याची वाट धरली. यजमानाला मनाई असली तरी पाहुण्याला नसते. २०२० मध्ये त्यांनी त्यात बिस्मथ आणि अर्बियम एकत्र घातले. बिस्मथ प्रकाश शोषून घेतो, ऊर्जा अर्बियमकडे जाते आणि अर्बियम १५४० नॅनोमीटरला अवरक्त प्रकाश देतं. ऑप्टिकल फायबरमधून दूरवर संदेश नेण्यासाठी याच पट्ट्यातला प्रकाश वापरतात.

उरतो हिरवा. आपला डोळा सर्वांत जास्त संवेदनशील आहे तो हिरव्याला, आणि शिशाचा सर्वांत तेजस्वी रंगही हिरवाच. लाल आणि अवरक्तात कथिलाने जी मजल मारली तशी त्याला हिरव्यात मारता आलेली नाही. सध्या हिरव्यासाठी मँगेनीज ही आशेची जागा आहे. नाग यांच्याच गटाने २०१८ मध्ये दुहेरी पेरोव्स्काइटात मँगेनीज बसवलं तेव्हा ते नारिंगी-लाल चमकलं होतं, कारण तिथे त्याच्याभोवती सहा क्लोरीन असतात, आपल्या त्या दोन पिरॅमिडांच्या सहा टोकांवर. तेच मँगेनीज चार ब्रोमीनांच्या चौकटीत ठेवलं की झगझगीत हिरवं होतं. पण चार टोकांच्या अशा आकृत्यांची पेरोव्स्काइटची जाळी विणता येत नाही, त्या सेंद्रिय आयनांमध्ये सुट्या सुट्याच राहतात, आणि सुट्या बेटांवरून वीज न्यायची कशी, हा प्रश्न तिथेही पुन्हा समोर उभा राहतो.